बंदुकीची गोळी आणि खिशातली गोळी
पॅलेस्टिनी तरुणांच्या धोक्याच्या सवयींविषयी

पॅलेस्टाइनचे नाव वर्तमानपत्रात वाचले की आपल्या डोळ्यांपुढे दगडफेक, रणगाडे आणि कोसळलेली घरे उभी राहतात. गेली कित्येक दशके तेथून येणाऱ्या बातम्याच तशा आहेत. परंतु त्या भूमीवरही सोळा-सतरा वर्षांची मुले आहेत. ती परीक्षेला घाबरतात, संध्याकाळी मित्रांबरोबर कोपऱ्यावर उभी राहतात, वडिलांची नजर चुकवून पहिली सिगारेट ओढतात आणि घरी जाण्यापूर्वी तोंडात पुदिन्याची गोळी टाकतात. बंदुकीच्या गोळीने जखमी झालेल्या मुलाची नोंद रुग्णालयात होते. खिशातल्या गोळीने पोखरलेल्या मुलाची नोंद मात्र बहुधा कोठेच होत नाही. आजच्या लेखात या दुसऱ्या मुलाचा विचार करावयाचा आहे.

थोडी पार्श्वभूमी

पॅलेस्टिनी प्रदेशाचे दोन तुकडे आहेत. जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, पूर्व जेरुसलेमसह सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटरचा 'पश्चिम किनारा' हा एक. आणि भूमध्य समुद्रालगतची, जेमतेम ३६५ चौरस किलोमीटरची गाझा पट्टी हा दुसरा. दोन्ही भाग १९६७ च्या युद्धात इस्रायलच्या ताब्यात गेले. १९९३ च्या ऑस्लो करारानंतर १९९४ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरण स्थापन झाले आणि आरोग्य खाते पॅलेस्टिनींच्या हाती आले. निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाची स्वतंत्र संस्था १९५० पासून शाळा व दवाखाने चालवीत आली आहे.

दोन्ही भागांची मिळून लोकसंख्या सुमारे ५५ लाख. त्यातील निम्म्याच्या आसपास माणसे विशीच्या आतबाहेरची किंवा त्याहून लहान आहेत. एवढ्या तरुण समाजात तरुणांच्या सवयी कशा आहेत, हा प्रश्न एकेका घरापुरता राहत नाही. आज पंधरा वर्षांचा मुलगा जी सवय लावून घेईल, तिच्यावर आणखी तीस वर्षांनी त्या समाजातील हृदयविकार, कर्करोग आणि मधुमेह यांचे प्रमाण अवलंबून राहील.

धोक्याची सवय म्हणजे काय?

वैद्यकशास्त्रात 'धोक्याच्या वर्तना'मध्ये पुढील गोष्टींचा समावेश होतो : तंबाखू व धूम्रपान, मद्यपान, नशेच्या गोळ्या व अमली पदार्थ, मारामाऱ्या, बेदरकार वाहन चालविणे, असुरक्षित लैंगिक संबंध, तसेच चुकीचा आहार आणि व्यायामाचा अभाव. यातील बहुतेक सवयी वयाच्या बारा ते वीस या काळात लागतात. वयाने मोठ्या झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांना विचारले तर बहुतेकांनी पहिली सिगारेट शाळा-कॉलेजच्या वयातच ओढलेली असते. मेंदूचा जो भाग पुढचामागचा विचार करून आवर घालतो, त्याची वाढ पंचविशीच्या आसपास पूर्ण होते. चेव, धाडस, मित्रांपुढे मिरविण्याची हौस हे सारे मात्र त्याच्या कितीतरी आधी जागे झालेले असते. जगातील कोणत्याही देशातल्या मुलाच्या बाबतीत हे खरे आहे.

पाहणीत काय आढळले?

पश्चिम किनाऱ्यावर आणि पूर्व जेरुसलेममध्ये २०१४ साली एक मोठी पाहणी झाली. १५ ते २४ वयाच्या २,५०० तरुण-तरुणींना त्यांच्या सवयींविषयी प्रश्न विचारण्यात आले. अमेरिकेतील रँड ही संशोधन संस्था आणि 'जुझूर' ही पॅलेस्टिनी आरोग्य संस्था यांचे तज्ज्ञ या कामात होते. ('जुझूर' या अरबी शब्दाचा अर्थ 'मुळे'.)

निष्कर्ष थोडक्यात असे. धूम्रपान ही सर्वांत जास्त पसरलेली सवय आहे. मुलींपेक्षा मुलांमध्ये धोक्याच्या सवयींचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. वय वाढते तसे मुलांमधील हे प्रमाणही वाढत जाते. दारू, नशेचे पदार्थ आणि विवाहपूर्व संबंध यांचा अनुभव घेतलेल्यांची संख्या धूम्रपानाच्या मानाने कमी असली, तरी डोळेझाक करण्याइतकी लहान नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पॅलेस्टिनी समाज धार्मिक आणि कुटुंबाला धरून राहणारा आहे. बहुसंख्य मुस्लिम आहेत, काही ख्रिस्ती आहेत. एकाच इमारतीत आजी-आजोबा, काका आणि चुलत भावंडे राहतात. अशा समाजात 'आमच्याकडे हे प्रकार नाहीत' असे वडीलधारी मंडळी मनापासून मानतात. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. घराचा धाक आणि धर्माचे संस्कार यांमुळे मोठ्या संख्येने मुले, विशेषतः मुली, या सवयींपासून दूर राहतात. परंतु ज्याचा पाय घसरला, त्याची गोष्ट त्याच घरात बोलता येत नाही.

अरबी भाषेत 'ऐब' हा शब्द लाजिरवाण्या, न शोभणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात. आपल्या मराठीतही तो खोड किंवा दोष या अर्थाने आला आहे. 'ऐब आहे, बोलू नये' या एका वाक्याने तिकडे पुष्कळ प्रश्न बंद होतात. प्रश्न बंद झाला म्हणजे सवय सुटली असे होत नाही. ती फक्त आईबापांच्या आणि डॉक्टरांच्या नजरेआड जाते.

गोड वासाचा धूर

पॅलेस्टाइनच्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाच्या २०२१ च्या आकड्यांनुसार अठरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोक धूम्रपान करतात. गाझापेक्षा पश्चिम किनाऱ्यावर हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. जेनीनजवळचे याबद हे गाव तंबाखूच्या शेतीसाठी आणि कोळशाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील तंबाखूच्या हाताने वळलेल्या सिगारेटी कारखान्यातील सिगारेटींपेक्षा स्वस्त मिळतात, त्यामुळे कमी पैसेवाल्या मुलांनाही त्या परवडतात.

मात्र तरुणांमध्ये खरे आकर्षण हुक्क्याचे आहे. तिकडे त्याला 'अर्गिले' म्हणतात. १९९० नंतर गुळासारख्या पाकात मुरवलेला, सफरचंद, द्राक्ष किंवा पुदिन्याच्या स्वादाचा तंबाखू सर्वत्र मिळू लागला आणि म्हाताऱ्यांचा हुक्का तरुणांचा झाला. रामल्लाच्या कॅफेत तो आहे, घराच्या गच्चीवर आहे, समुद्रकिनाऱ्यावर आहे. सिगारेट ओढणारी मुलगी दिसली तर नाक मुरडणारे घर हुक्क्याकडे पुष्कळदा काणाडोळा करते. त्यामुळे सिगारेटीला हात न लावणाऱ्या मुलीही हुक्का ओढतात.

'धूर पाण्यातून येतो, म्हणजे गाळून येतो' हा समज तेथे घरोघरी आढळतो. तो साफ चुकीचा आहे. पाण्याने धूर थंड होतो, निर्विष होत नाही. उलट थंड धूर घशाला बोचत नाही म्हणून तो खोलवर ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, तासभराच्या एका बैठकीत ओढलेल्या धुराचे आकारमान एका सिगारेटीच्या धुराच्या शंभर ते दोनशे पट भरू शकते. त्यात निकोटिन आहे, डांबर आहे आणि वर ठेवलेल्या जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वायूही आहे. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. कोंदट खोलीत हुक्का ओढल्यावर डोके गरगरते, मळमळते. कधी शुद्धही हरपते. तरुण त्यालाच 'मजा' समजतात. एकच नळी चारजणांच्या तोंडी फिरत असल्यास क्षयासारखे संसर्गही पसरू शकतात.

पॅलेस्टाइनमध्ये २००५ साली धूम्रपानविरोधी कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास त्याने मनाई केली. पण अंमलबजावणी ढिली राहिली. शिवाय तंबाखूवरील कर हे प्राधिकरणाच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन आहे. ज्या व्यापारावर तिजोरी भरते, त्याच्यावर सरकारने कडक नजर ठेवणे अवघड जाते. (आपल्या महाराष्ट्रात २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घालण्यात आली, हे वाचकांना स्मरत असेल.)

'ट्रामल'ची कहाणी

गाझा पट्टीतील कथा वेगळी आहे. २००७ पासून गाझाची नाकेबंदी झाली. माल येणे बंद, माणसांना बाहेर जाणे जवळजवळ बंद. तेव्हा इजिप्तच्या सरहद्दीखालून शेकडो भुयारे खणली गेली. त्या भुयारांतून सिमेंट, पेट्रोल, औषधे, जनावरे आली आणि त्यांच्याबरोबर ट्रॅमाडॉल नावाच्या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटेही आली. तेथे या गोळीला 'ट्रामल' म्हणतात.

ट्रॅमाडॉल हे मुळात चांगले औषध आहे. १९७७ साली ते जर्मनीत बाजारात आले. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टर ते देतात. परंतु ते अफूच्या जातकुळीतले आहे. ते मेंदूवर काम करते, वेदनेबरोबर काळजीही काही तास बोथट करते. गाझात २००८-०९ च्या युद्धाच्या सुमारास या गोळीचा वापर फार वाढला. कोणी जखमेच्या दुखण्यासाठी सुरुवात केली, कोणी रात्री झोप यावी म्हणून, कोणी भुयारातील अंगमेहनतीचे काम सोसावे म्हणून. लग्न ठरलेल्या तरुणांना 'ताकद येते' असे सांगून मित्रांनीच गोळी दिली, असेही प्रकार झाले.

या गोळीची सवय कशी लागते ते पाहा. पहिल्या आठवड्यात एका गोळीने बरे वाटते. महिन्याभराने त्याच परिणामासाठी दोन लागतात, मग चार. गोळी चुकली की घाम येतो, अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. हा त्रास टाळण्यासाठी मुलगा पुन्हा गोळी घेतो. म्हणजे आता तो मजेसाठी घेत नाही, नुसते नेहमीसारखे वाटावे म्हणून घेतो. जास्त मात्रेत ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. प्रीगॅबालिन नावाचे, मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे औषध त्याच्याबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. गाझात ही दोन्ही औषधे नशेसाठी वापरली गेली.

पॅलेस्टिनी राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार पंधरा वर्षांवरील सुमारे २६,५०० पुरुष अमली पदार्थांच्या गंभीर धोक्याच्या पातळीवर होते : पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १६,५०० आणि गाझात सुमारे १०,०००. पश्चिम किनाऱ्यावर चरस आणि रासायनिक गांजा, तर गाझात ट्रॅमाडॉल आणि प्रीगॅबालिन असे चित्र होते.

गाझातील हमासच्या प्रशासनाने गोळ्यांचे साठे जाळले, विक्रेत्यांना तुरुंगात टाकले. २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांना फाशीची शिक्षाही सुनावली. इजिप्तने २०१३ नंतर बहुतेक भुयारे उद्ध्वस्त केली. माल कमी झाला, किंमत चढली. पण ज्यांना सवय जडली होती त्यांची सवय किंमत वाढली म्हणून सुटली नाही. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, हे मानून उपचाराची सोय केल्यावाचून नुसत्या शिक्षेने व्यसन आटोक्यात येत नाही, हा जगभरचा अनुभव येथेही आला.

या गोळीचा आपल्या देशाशीही संबंध आहे. भारतात तयार झालेल्या ट्रॅमाडॉलची पश्चिम आशिया आणि आफ्रिकेत चोरटी वाहतूक होत असे. अखेर एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले.

पोलिसच नाहीत अशी जागा

धोक्याच्या सवयींना भूगोलही कारणीभूत असतो. जेरुसलेमच्या उत्तरेला कुफ्र अकब नावाची वस्ती आहे. ती जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत येते, पण २००२ नंतर बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे पडली. पॅलेस्टिनी पोलिसांना तेथे काम करण्याचा अधिकार नाही. इस्रायली पोलीस क्वचितच फिरकतात. शुआफातच्या निर्वासित छावणीची गतही अशीच. जेथे कोणाचाच वचक नाही तेथे नशेचे विक्रेते दुकान मांडतात. पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग तर पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली आहे आणि तेथे पॅलेस्टिनी पोलिसांना परवानगीवाचून जाता येत नाही.

तीच गोष्ट वाहनांची. इस्रायलमध्ये भंगारात काढलेल्या गाड्या पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने स्वस्तात विकल्या जातात. त्यांना 'मश्तूब', म्हणजे नोंदणीतून खोडलेली गाडी, असे म्हणतात. ना विमा, ना तपासणी, पुष्कळदा चालविणाऱ्याकडे परवानाही नाही. थोड्या पैशांत गाडी मिळते म्हणून तरुण ती घेतात आणि खेड्यांच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर भरधाव सोडतात. अपघात झाला की उपचाराचा खर्च घरावर पडतो.

रिकामा वेळ, बंद रस्ता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मुले अडाणी आहेत काय? मुळीच नाही. पॅलेस्टिनी समाजात साक्षरतेचे प्रमाण फार चांगले आहे आणि शिक्षणाची ओढ मोठी आहे. पहिल्या उठावाच्या काळात, १९८८ च्या आरंभी, बीरझेत विद्यापीठ लष्करी हुकमाने बंद झाले, ते १९९२ मध्ये उघडले. त्या चार वर्षांत प्राध्यापकांनी घरांतून वर्ग चालविले. सिगारेटने कर्करोग होतो हे तेथील बहुतेक मुलांना ठाऊक आहे.

मग सवय का लागते? पदवी घेतलेला मुलगा घरी बसून आहे. २०२३ च्या युद्धापूर्वीच गाझात निम्म्याहून अधिक तरुण बेकार होते. शेजारच्या गावी जायचे तर वाटेत लष्करी नाका. तेथे कधी दहा मिनिटे, कधी चार तास. गाझातील शाती छावणीत सुमारे अर्ध्या चौरस किलोमीटरच्या जागेत ऐंशी हजारांहून अधिक निर्वासितांची नोंद होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बहुतेक शाळा तेथे दोन पाळ्यांत चालत, म्हणजे मुलाचा अर्धा दिवस मोकळा आणि खेळायला मैदान नाही. अशा ठिकाणी सिगारेट हे वेळ घालविण्याचे साधन बनते, हुक्का ही मित्रांना भेटण्याची जागा बनते आणि गोळी ही झोपेची सोय बनते.

बीरझेत विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतील डॉ. रिता जियाकामान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामल्ला जिल्ह्यातील दहावी-अकरावीच्या सुमारे ३,४०० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी गोळीबार आणि धरपकडीबरोबर आणखी एक गोष्ट विचारली : अपमान. नाक्यावर स्वतःची झालेली मानहानी, आपल्यादेखत वडिलांची झालेली मानहानी. ज्या मुलांनी असा अपमान अधिक सोसला होता, त्यांच्यात डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, झोप न लागणे अशा तक्रारी अधिक आढळल्या. अपमान एक्स-रेमध्ये दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, पण तो शरीरात उतरतो. आणि ज्याला रात्री झोप नाही, त्याला मित्राने पुढे केलेली गोळी नाकारणे कठीण जाते.

यालाच जोडून दुसरे एक निरीक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रायन बार्बर यांनी पहिल्या उठावात वाढलेल्या गाझातील तरुणांचा आणि बोस्नियातील युद्धात होरपळलेल्या तरुणांचा तौलनिक अभ्यास केला. आपण जे सोसतो आहोत त्याला काही अर्थ आहे, आपल्याबरोबर सारा समाज आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांची मने तुलनेने सावरलेली राहिली. दुःखात सोबत आणि अर्थ असला तर माणूस तग धरतो. उठाव संपला, आशा ओसरली, तेव्हा तोच आधार निसटत गेला.

मुलींचे वेगळे दुखणे

आकड्यांत मुलींचे धोके कमी दिसतात, म्हणून त्या सुखात आहेत असे मानू नये. अशांत काळात मुलाला गल्ली तरी असते. मुलीला घराबाहेर पडू दिले जात नाही. शरीराची हालचाल कमी, त्यात चिप्स, शीतपेये आणि भरपूर साखरेचा चहा. एकीकडे वजन वाढते आणि दुसरीकडे रक्तक्षय. मनातील ताण त्या बाहेर काढीत नाहीत. तो डोकेदुखी, चक्कर, उदासपणा अशा रूपाने दवाखान्यात येतो. डॉक्टरने शक्तीची गोळी लिहून दिली की प्रश्न मिटला असे घरचे समजतात.

मोकळे मैदान मिळाले तेव्हा

या अंधारात काही दिवेही लागले. १९९० मध्ये डॉ. इयाद अल-सर्राज यांनी गाझात मानसिक आरोग्याचा सामाजिक कार्यक्रम सुरू केला. मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे, हे त्यांनी घरोघर पटविले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, पण संस्था पुढे काम करीत राहिली. पश्चिम किनाऱ्यावर अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनींसाठी मेथाडोन उपचार सुरू झाले. व्यसनी मुलाला लपवून ठेवण्याऐवजी दवाखान्यात आणण्याची वाट त्यामुळे थोडी तरी मोकळी झाली.

२०१३ पासून बेथलेहेममध्ये पॅलेस्टाइन मॅरेथॉन भरू लागली. ४२ किलोमीटरचा सलग मोकळा रस्ता मिळेना, म्हणून धावपटूंना तोच मार्ग पुन्हा पालथा घालावा लागे. तरीही मुले धावली, आणि मुलीही मोठ्या संख्येने धावल्या. गाझाच्या समुद्रकिनाऱ्यावर जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या उन्हाळी खेळांत मुलांनी एकाच वेळी बारा हजारांहून अधिक पतंग उडवून जागतिक विक्रम केला. खान युनूसच्या तरुणांनी पडक्या भिंतींवरून उड्या मारण्याचा 'पार्कोर' हा खेळ आपलासा केला. हे सारे नुसते करमणुकीचे प्रकार नव्हते. ज्या मुलाची संध्याकाळ खेळात जाते, त्याची संध्याकाळ हुक्क्यापुढे जात नाही. आपले शरीर काही करू शकते याचा त्याला अभिमान वाटतो, म्हणून तो शरीराला जपतो.

२०२३ नंतर

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धाने गाझातील हे सारे मोडून टाकले. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम होईपर्यंत ६७ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शाळा एक तर पडल्या किंवा निर्वासितांनी भरून गेल्या. सहा लाखांहून अधिक मुलांचे शिक्षण थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळाची स्थिती असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला आहाराचे नियम सांगणे हा क्रूरपणा ठरतो.

तरीही सवयीची पकड पाहा. २०२४ च्या उन्हाळ्यात गाझात एकेक सिगारेट वीस-पंचवीस डॉलरना विकली जात असल्याच्या बातम्या आल्या. मदतीच्या ट्रकमध्ये लपवून सिगारेटी येत आणि त्यांच्यासाठी टोळ्या ट्रक अडवीत. पिठाच्या पोत्यापेक्षा सिगारेटीचे पाकीट मोलाचे झाले! निकोटिनची सवय भुकेच्या काळातही माणसाला सोडत नाही, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

हजारो तरुणांचे हातपाय गेले आहेत. त्यांना पुढे कित्येक वर्षे वेदनाशामक औषधे लागतील. २००९ नंतर जे घडले त्याचा अनुभव जमेस धरला, तर गोळ्या देतानाच त्या कशा व केव्हा थांबवायच्या याची आखणी करावी लागेल. शाळा, मैदान आणि समुपदेशन या गोष्टी 'नंतर पाहू' म्हणून मागे ठेवल्या, तर बंदुकीच्या गोळीतून वाचलेला मुलगा खिशातल्या गोळीच्या तावडीत सापडेल.

बोध काय?

पॅलेस्टिनी तरुणांच्या अनुभवातून डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी घ्यावयाच्या गोष्टी थोडक्यात अशा :

१) धोक्याची सवय ही पुष्कळदा एखाद्या दुखण्यावर मुलाने स्वतःच शोधलेला चुकीचा उपाय असतो. आधी दुखणे विचारावे : झोप लागते का, भीती वाटते का, कोणी अपमान केला का.

२) 'आमच्या घरात असे होत नाही' असे म्हणून विषय बंद करू नये. जो मुलगा शिक्षेला भितो तो लपवितो. ज्याचे ऐकून घेतले जाते तो सांगतो.

३) हुक्का हा सिगारेटीचा निरुपद्रवी भाऊ नव्हे. पाणी धूर गाळीत नाही.

४) वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच व तितकेच दिवस घ्याव्यात. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत, दुसऱ्याला देऊ नयेत. सवय लागल्याची शंका आल्यास एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कराव्यात.

५) झोप बिघडणे, मित्र अचानक बदलणे, घरातून पैसे जाणे, अभ्यासातून मन उडणे या चार खुणा एकत्र दिसल्या तर मुलावर न ओरडता त्याला घेऊन दवाखाना गाठावा.

६) मुलांना, आणि मुलींनाही, रोज तासभर धावण्या-खेळण्याची जागा मिळाली पाहिजे. औषधाइतकीच ती गरजेची आहे.

पॅलेस्टिनी मुलांच्या वाट्याला आलेले दिवस त्यांनी निवडलेले नाहीत. नाके, भिंती आणि युद्ध यांवर डॉक्टरांचे औषध चालत नाही. तो राजकारण्यांनी सोडवावयाचा प्रश्न आहे. परंतु तो सुटेपर्यंत मुलांनी थांबावे कसे? त्यांची वये थांबत नाहीत. म्हणूनच रामल्ला, बेथलेहेम आणि गाझातील डॉक्टर, परिचारिका, शिक्षक मोडक्या साधनांनिशी एकेका मुलाला हाताशी धरून बसले आहेत. त्यांच्या कामाची बातमी होत नाही. पण उद्या ते तरुण धडधाकट उभे राहिले, तर त्यात या माणसांचा वाटा मोठा असेल.